बायडिल : एका गटापुरते औषध?

२३ जून २००५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'बायडिल' नावाच्या गोळीला परवानगी दिली. औषधांना अशी परवानगी दरवर्षी मिळतच असते, त्यात बातमी होण्यासारखे काही नसते. या परवानगीत मात्र एक शब्दप्रयोग असा होता, की जो त्यापूर्वी कोणत्याही औषधाच्या वाट्याला आला नव्हता. ही गोळी हार्ट फेल्युअर झालेल्या, 'स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या' रुग्णांसाठी आहे, असे त्यात म्हटले होते. व्यक्तिगणिक औषधोपचाराच्या दिशेने हे एक पाऊल आहे, असेही प्रशासनाने जाहीर केले. एका वंशगटाच्या नावाने परवाना मिळालेले हे पहिले औषध.

ज्या चाचणीच्या जोरावर ही परवानगी मिळाली, तिची चिकित्सा करावी असे बरेच दिवस मनात होते. चाचणी वाईट होती म्हणून नव्हे. ती नीट केलेली होती, तिचे आकडेही खरे होते. प्रश्न आहे तो चाचणीने काय दाखवले आणि परवान्यावर काय छापले गेले, यांच्यामधल्या अंतराचा. हे अंतर एकदा ध्यानात आले, की वर्तमानपत्रातल्या निम्म्या वैद्यकीय बातम्या आपण निराळ्या नजरेने वाचू लागतो. प्रयोगाची रचना शिकवताना वर्गात चर्चेला घ्यावे असेही हे प्रकरण आहे.

आधी औषधाविषयी. बायडिलमध्ये नवे असे काहीच नाही. तिच्यात दोन जुनी औषधे एकत्र केलेली आहेत. पहिले हायड्रॅलाझीन. ते रक्तवाहिन्या सैल करते आणि १९५०च्या दशकापासून रक्तदाबासाठी वापरात आहे. दुसरे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. 'सॉर्बिट्रेट' म्हटले की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ते ओळखीचे वाटेल. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची ती गोळी. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद हळूहळू कमी होत जाणे. रुग्णाला जिना चढवत नाही, पायांना सूज येते, रात्री आडवे झाले की दम लागतो. रक्तवाहिन्या सैल झाल्या तर थकलेल्या हृदयापुढचा अडसर कमी होतो, असा या जोडगोळीमागचा विचार.

आता चाचणी. तिला 'ए-हेफ्ट' असे संक्षिप्त नाव आहे. स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे १०५० रुग्ण तिच्यात घेतले होते, आणि त्यांत दहापैकी चार स्त्रिया होत्या. सर्वांची नेहमीची औषधे चालूच होती. त्यांवर जोड म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ५१८ जणांना बायडिल दिले गेले आणि ५३२ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरांनाही. सरासरी दहा महिन्यांत प्लासिबो गटात ५४ मृत्यू झाले आणि औषधाच्या गटात ३२, म्हणजे शेकडा १०.२ आणि ६.२. हा फरक इतका ठळक दिसू लागला, की २००४ च्या जुलैमध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. प्लासिबोवरच्या रुग्णांना तसेच ठेवणे योग्य नव्हते. बायडिल घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे डोके दुखत असे, पण जीव वाचत असेल तर तेवढी किंमत फार नाही.

इथपर्यंत टीका करण्यासारखे काही नाही. उलट एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हार्ट फेल्युअर तुलनेने लहान वयात गाठते आणि मोठ्या चाचण्यांत मात्र त्यांची संख्या नेहमी तोकडी राहिलेली आहे. त्यांच्यासाठी म्हणून कोणी एवढी मोठी चाचणी उभारली, हे स्वागतार्हच होते. कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिला पाठिंबा दिला तोही याच भावनेने.

पण आता एक साधे उदाहरण घेऊ. कोकणातल्या तांबड्या जमिनीत एका नव्या खताचा प्रयोग केला. वीस वाफे घेतले, दहांना खत घातले, दहांना नाही. खत घातलेल्या वाफ्यांत पीक चांगले आले. निष्कर्ष काय? हे खत तांबड्या जमिनीत उपयोगी पडते. एवढाच. आता कारखान्याने पोत्यावर छापले, 'फक्त तांबड्या जमिनीसाठी'. आठवीतला चुणचुणीत मुलगाही विचारील, की देशावरच्या काळ्या जमिनीत तुम्ही ते घालून पाहिले का? नसेल पाहिले, तर ते तिथे चालत नाही हे तुम्हाला कसे कळले?

ए-हेफ्टमध्ये काळ्या जमिनीचा वाफाच नव्हता. चाचणीतले सर्वच्या सर्व रुग्ण एका गटाचे. औषध चालते की नाही, या प्रश्नासाठी तुलनेचा गट होता: प्लासिबोचा. औषध याच लोकांत चालते की इतरांतही, किंवा यांच्यात अधिक चालते का, या प्रश्नासाठी तुलनेला कोणीच नव्हते. एका प्रयोगात दोन प्रश्न असतील, तर दोन्हींसाठी वेगवेगळी तुलना लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले, म्हणून दुसऱ्याचेही आपोआप मिळाले असे होत नाही. आणि परवान्यातला तो गाजलेला शब्दप्रयोग उभा होता नेमका दुसऱ्या प्रश्नावर.

मग चाचणीत एकच गट घ्यावा हे सुचले कसे? यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या जोडगोळीची पहिली मोठी चाचणी अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली. तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. मिनेसोटा विद्यापीठातले डॉ. जे कोह्न तिचे प्रमुख होते. ६४२ रुग्ण होते, सगळे पुरुष. (स्त्रियांना हार्ट फेल्युअर होत नाही असे कोणी म्हटले नव्हते. पण त्या काळी हे कोणाला फारसे खटकतही नसे.) जोडगोळी घेणारे प्लासिबोवाल्यांपेक्षा अधिक जगले. वंशाचा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही. १९९१ मध्ये दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात या जोडगोळीचा सामना एनॅलाप्रिल नावाच्या औषधाशी होता, आणि जोडगोळी हरली. दोन वर्षांतला मृत्यूचा दर एनॅलाप्रिलवर शेकडा १८, तर हिच्यावर २५. तरीही दोन्ही औषधे एका गोळीत घालून परवानगीचा अर्ज केला गेला आणि १९९७ मध्ये तो फेटाळला गेला. या चाचण्यांचे आकडे परवान्यासाठी पुरेसे भक्कम नाहीत, असे प्रशासनाचे म्हणणे होते.

यानंतर, १९९९ मध्ये, जुन्या कागदांतून नवा निष्कर्ष निघाला. १९८६ च्या चाचणीतले कृष्णवर्णीय वेगळे काढले. त्यांत ४९ जणांनी जोडगोळी घेतलेली होती आणि ७९ जणांनी प्लासिबो. त्यांचे वर्षाला शेकडा मृत्यू अनुक्रमे ९.७ आणि १७.३. श्वेतवर्णीयांत हेच आकडे १६.९ आणि १८.८. म्हणजे एका गटात मोठा फरक, दुसऱ्यात किरकोळ. त्यावरून असे मांडले गेले, की औषध मुख्यतः कृष्णवर्णीयांनाच लागू पडते. त्याच वर्षी नायट्रोमेड या कंपनीने बायडिलचे हक्क घेतले आणि पुढे ए-हेफ्ट उभी राहिली.

शिक्षकांनी येथे जरा थांबावे आणि मुलांना एक हिशेब करायला सांगावा. ४९ जणांत एक माणूस म्हणजे शेकडा किती? दोनहून थोडा जास्त. म्हणजे दोन-चार मृत्यू योगायोगाने इकडचे तिकडे झाले, तरी टक्केवारी कुठल्या कुठे जाते. आणि मोठ्या चाचणीची अशी लहान लहान शकले पाडत गेले, की कुठल्या ना कुठल्या शकलात काहीतरी नवल दिसतेच.

याचा सर्वांत मजेशीर नमुना १९८८ चा आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर ॲस्पिरिनची एक प्रचंड चाचणी झाली होती. ॲस्पिरिनमुळे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू शेकडा २३ ने कमी झाले. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची त्यांच्या जन्मतारखेवरून, पाश्चात्त्य पद्धतीने, राशीवार विभागणी केली. तेव्हा मिथुन आणि तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनने थोडा अपायच झाला असे दिसले! आकडे खोटे नव्हते. पण त्यावरून मिथुन राशीच्या माणसाला झटक्यानंतर ॲस्पिरिन नाकारण्याचा वेडेपणा कोणी केला नाही. लहान शकलांचे आकडे किती जपून वाचायचे असतात, हे दाखवण्यासाठीच तो तक्ता छापला होता. राशीबाबत आपल्याला हे लगेच पटते, कारण राशीचा ॲस्पिरिनशी संबंध असेल असे आपल्याला मुळातच वाटत नाही. वंशाबाबत मात्र आपली समजूत आधीच तयार असते, म्हणून तसाच आकडा तिथे पुरावा वाटू लागतो.

वंश आणि राशी सारखेच, असे मला म्हणायचे नाही. १९९९ मध्ये दिसलेला फरक खरा असणे शक्य होते. पण तो तपासण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे नव्या चाचणीत दोन्ही गट पुरेशा संख्येने घेणे. तसे केले असते तर उत्तर मिळाले असते. मग तसे का केले नाही? संशोधकांचा युक्तिवाद असा, की श्वेतवर्णीयांत फायद्याचा पुरावा कमी, त्यामुळे त्यांच्यासाठी फारच मोठी आणि महाग चाचणी लागली असती. यात तथ्य आहे. पण दुसरीही एक बाजू आहे. या जोडगोळीच्या वापराचे मूळ पेटंट २००७ मध्ये संपणार होते. 'कृष्णवर्णीय रुग्णांत वापर' असे वेगळे पेटंट २००२ मध्ये मिळाले आणि त्याची मुदत २०२० पर्यंत होती. औषध सर्वांसाठी ठरले असते तर संरक्षण दोन वर्षांचे, एका गटासाठी ठरले तर पंधरा वर्षांचे. नायट्रोमेडने गोळीची किंमत १ डॉलर ८० सेंट ठेवली, आणि पूर्ण मात्रा दिवसाला सहा गोळ्यांची. घटक औषधे सुटी घेतली तर याच्या कितीतरी कमी खर्चात मिळत होती. कोणाच्या मनात काय होते हे सांगणे माझे काम नाही. दोन प्रश्नांपैकी एकच विचारणे फायद्याचे होते, एवढे मात्र तारखा पाहून कोणालाही दिसेल.

आता मूळ मुद्द्याकडे. 'स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारा' हे वर्णन औषधशास्त्रात काय मोजते? ते रक्तातले काही मोजत नाही. अमेरिकेत आई श्वेतवर्णीय आणि वडील कृष्णवर्णीय असलेला माणूस बहुधा कृष्णवर्णीयच म्हणवला जातो. आफ्रिका खंडातल्या लोकांत आपसांत जेवढी जनुकीय विविधता आहे, तेवढी उरलेल्या जगात मिळूनही नाही. शिवाय या शब्दाबरोबर पुष्कळ गोष्टी चिकटून येतात. वस्ती, मिळकत, आहार, डॉक्टर वेळेवर भेटणे किंवा न भेटणे, रक्तदाब वर्षानुवर्षे उपचारावाचून राहणे. यांतले काय औषधाच्या परिणामाशी निगडित आहे, ते या शब्दावरून कळत नाही. कृष्णवर्णीय रुग्णांत नायट्रिक ऑक्साइड हा रक्तवाहिन्या सैल करणारा रेणू कमी पडत असावा, अशी एक कल्पना मांडली गेली होती. कल्पना चांगली आहे. पण मग रुग्ण निवडताना तो रेणू किंवा त्याच्याशी संबंधित काही मोजून पाहायला हवे होते. निवड झाली ती रुग्णाने आपला वंश काय सांगितला यावर.

हेच काम चांगल्या रीतीने कसे होते, याचे उदाहरण क्षयाच्या औषधात आहे आणि त्याचा एक भाग आपल्याच देशात घडला. आयसोनायझिड हे क्षयावरचे नामांकित औषध. ते शरीरात गेले की यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला ॲसिटिल गट जोडून निष्प्रभ करते. डेव्हिड प्राइस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वजनाच्या प्रमाणात हे औषध दिले आणि सहा तासांनी रक्तात ते किती उरले हे मोजले. १९६० साली हे काम प्रसिद्ध झाले. उंचीचा आलेख काढला तर मधे एक उंचवटा येतो. येथे दोन वेगळे उंचवटे आले. काही माणसे औषध झपाट्याने निष्प्रभ करणारी, काही मंद. कुटुंबे तपासली तेव्हा हा गुण मेंडेलच्या नियमांप्रमाणे वारशाने येतो असे दिसले.

मद्रासच्या क्षयरोग चिकित्सा केंद्रात याचा प्रत्यक्ष उपचाराशी संबंध तपासला गेला. औषध रोज दिले तर माणूस झपाट्याचा आहे की मंद, याने फारसे बिघडत नाही. पण तेच औषध आठवड्यातून एकदाच द्यायचे ठरवले, तर झपाट्याने निष्प्रभ करणाऱ्या रुग्णांत उपचार कमी यशस्वी होतात. याउलट मात्रा मोठी असेल, तर हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास मंद गटाला अधिक. त्यासाठी 'ब-६' जीवनसत्त्व जोडीला द्यायचे. येथे दोन गट आहेत, त्यांच्यातला फरक मोजलेला आहे, फरकाचे कारण ठाऊक आहे आणि त्याप्रमाणे काय करायचे हेही ठाऊक आहे.

आता यात वंश कुठे बसतो ते पाहा. भारतात मंद गट निम्म्याहून मोठा आहे. जपानमध्ये तो दहात एकाच्या आसपास. म्हणजे लोकसमूहांत फरक आहे आणि तो चांगला मोठा आहे. पण समोर बसलेला रुग्ण भारतीय आहे एवढे कळून डॉक्टरला काय कळले? जवळजवळ काहीच नाही. दोन्ही प्रकारची माणसे प्रत्येक देशात आहेत, पुष्कळदा एकाच घरात आहेत. समूहाचे नाव सरासरी सांगते आणि गोळी गिळतो तो एकटा माणूस.

प्रायमाक्वीन या मलेरियावरच्या औषधाची कथा तर बायडिलशी आणखी मिळतीजुळती, फक्त तिचा शेवट वेगळा. १९५०च्या सुमारास अमेरिकी डॉक्टरांना दिसले, की कृष्णवर्णीयांपैकी सुमारे दहात एकाला या औषधाने पंडुरोग होतो. तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळसर होते. तेव्हाही 'वंशाचा गुण' म्हणून थांबता आले असते. पण संशोधकांनी पुढे विचारले, की मग उरलेल्या नऊ जणांना का होत नाही? इलिनॉयच्या तुरुंगातील कैद्यांवर हे प्रयोग झाले. (आज असे प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) १९५६ मध्ये कारण सापडले. ज्यांना त्रास होतो त्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पी-डी नावाचे विकर कमी असते. कारण हाती आल्यावर नकाशाच बदलला. हीच कमतरता भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात आढळली. पारशांवरचा अभ्यास १९६०च्या दशकातला आहे. आता प्रायमाक्वीन देण्याआधी रक्ताच्या थेंबावरून विकर तपासता येते. औषध 'कृष्णवर्णीयांना घातक' एवढ्यावरच प्रकरण मिटवले असते, तर त्या समाजातले दहांतले नऊ विनाकारण औषधाला मुकले असते आणि पारशी रुग्णांकडे कोणी वळून पाहिले नसते.

कोणी म्हणेल, चाचणी उपलब्ध नसेल तेव्हा समूहाचे नाव कामचलाऊ खूण म्हणून वापरायला काय हरकत? हरकत नाही. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचे औषध आशियातील काही लोकांत त्वचेवर प्राणघातक परिणाम करते. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये त्याचा संबंध एका विशिष्ट जनुकप्रकाराशी जोडला. २००७ पासून अमेरिकेतही आशियाई वंशाच्या रुग्णाची औषधापूर्वी ही तपासणी करावी असा इशारा आहे. येथे समूहाचे नाव 'कोणाची तपासणी करायची' एवढेच सांगते. औषध द्यायचे की नाही, ते तपासणीचा निकाल सांगतो. बायडिलच्या बाबतीत खूण हाच निकाल ठरला.

खूण निकाल ठरली की काय होते, याचे आणखी एक उदाहरण मूत्रपिंडाचे. रक्तातल्या क्रिएटिनीनवरून मूत्रपिंड किती काम करते हे सूत्राने काढतात आणि त्यावर पुष्कळ औषधांची मात्रा ठरते. १९९९ पासूनच्या प्रचलित अमेरिकी सूत्रांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला साधारण १.२ ने गुणायचे असे. त्यामुळे त्याचे मूत्रपिंड कागदावर अधिक चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव उशिरा लागण्याची शक्यता वाढे. २०२१ मध्ये हा गुणक काढून टाकलेले नवे सूत्र आले.

बायडिलचे पुढे काय झाले? खप अपेक्षेइतका झालाच नाही, आणि २००८ च्या जानेवारीत नायट्रोमेडने त्याचा प्रचार थांबवला. ए-हेफ्टमधल्या काही रुग्णांच्या जनुकांचा नंतर अभ्यास झाला. त्यात असे दिसले, की एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांनाच फायदा ठळक होता. ही निरीक्षणेही लहान शकलातलीच आहेत, तेव्हा त्यांना राशींच्या तक्त्याचाच नियम लावायला हवा. पण निदान प्रश्न तरी योग्य जागी पोचला. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही ही जोडगोळी कृष्णवर्णीय रुग्णांसाठी ठामपणे सुचवलेली आहे, आणि ए-हेफ्टचे आकडे पाहता ती सुचवायलाच हवी. आपल्याकडे एनॅलाप्रिलसारखी औषधे मूत्रपिंडामुळे ज्या रुग्णाला झेपत नाहीत, त्याला डॉक्टर हीच दोन औषधे सुटी लिहून देऊ शकतात. तेव्हा त्याचा वंश कोणी विचारत नाही. अशा रुग्णाला ती कितपत तारतात, याचा आधार मात्र मुख्यतः तोच आहे: १९८६ साली प्रसिद्ध झालेली, ६४२ पुरुषांवरची चाचणी.